बासष्टवर कुलूप

ड्वेन बर्गस्टाडचा हात पडद्याच्या घडीत गेला आणि विणायची एक सुई घेऊन बाहेर आला. आर्विड सालमेला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. बैठकीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट होता, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पेटी होती, पेटीला कुलूप होतं, आणि त्या कुलपाची एकुलती एक किल्ली या जुडग्यात होती. घर तापवणारी तळघरातली भट्टी दुरुस्त करायला आलेला ड्वेन म्हणाला होता, 'जरा वाढवून बघतो, भट्टी पेटते का,' म्हणून आर्विड किल्ली काढायला दाराजवळच्या कोटापर्यंत गेला होता. जायला दहा पावलं, यायला दहा. तेवढ्यात ड्वेनने आपल्याच घरात दिव्याचं बटण चाचपावं तसा, न बघता, डावा हात पडद्यात घातला, खालच्या दुमडीतून निळी ॲल्युमिनियमची सुई ओढली, पेटीच्या हवेच्या फटीतून आत सरकवली आणि आतली दांडी बासष्ट फॅरनहाइटवरून पंचाहत्तरवर नेऊन ठेवली. टक्‌ असा बारीक आवाज झाला. मग त्याने वर पाहिलं. आर्विडला पाहिलं. सुई फटीत तशीच राहिली.

"मिळाली का किल्ली?" ड्वेनने विचारलं.

"मिळाली."

"बरं." ड्वेनने सुई काढली, ती कुठे ठेवावी हे त्याला कळलं नाही, मग ती त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "खाली जाऊन बघतो," असं म्हणून तो तळघराच्या जिन्याकडे निघाला. बुटांवर चढवलेल्या निळ्या पिशव्यांचा फसफस आवाज पायरीपायरीने खाली गेला.

आर्विड हलला नाही. त्याच्या डोक्यात पहिलं जे आलं ते असं, की ती सुई उचलावी, खाली जावं, आणि भट्टीपुढे वाकलेल्या त्या माणसाच्या मानेत, कॉलरच्या वर जिथे केस संपतात तिथे, ती दोन इंच आत घालावी. विचार इतका स्वच्छ होता की त्याला तळहातात सुईचं गार टोक जाणवलं. आर्विडने एकाहत्तर वर्षांत कुणावर हात उचलला नव्हता. अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या डुलुथच्या गोदीवर त्याने अडतीस वर्षं काढली. खनिजाचे रेल्वेडबे थंडीत दगडासारखे गोठत, वर चढून लोखंडी पहारीने ते फोडावे लागत, आणि पहार मारताना बाकीचे लोक शिव्या देत, कुणाकुणाची नावं घेऊन मारत. आर्विड मुकाट मारत असे. सगळे म्हणत, सालमेला थंड माणूस. त्याच्या आत काय चालतं ते कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आत नेहमी कुणी ना कुणी मार खात असे. मुकादम, बँकेतला माणूस, समोरचा शेजारी ज्याच्या यंत्राने उडवलेला बर्फ याच्या वाटेवर पडे तो. मागचा अख्खा हिवाळा तर ड्वेन बर्गस्टाडच मार खात होता.

मागच्या हिवाळ्यात गॅसचं बिल चढलं. थोडंथोडकं नाही, दीडपट. थर्मोस्टॅट बासष्टवर, कुलूप जागच्या जागी, घरात दोनच माणसं, झोपायच्या खोल्यांच्या खिडक्यांना प्लास्टिक ताणून लावलेलं, मग गॅस जातो कुठे? भट्टी खाते. याला दुसरं उत्तर नव्हतं. ज्या घरात दांडी हलूच शकत नाही तिथे बिल वाढलं तर भट्टीत बिघाड आहे, हे कुणीही सांगेल. आर्विडने ड्वेनला बोलावलं. घरी यायचेच एकशे एकोणचाळीस डॉलर. त्यावर जाळ ओळखणारी काडी बदलली, एकशे पासष्ट. महिन्याने बिल तेवढंच. पुन्हा एकशे एकोणचाळीस, पेटवणी बदलली, तीनशे दहा. मार्चमध्ये पंख्याचा कपॅसिटर, दोनशे चाळीस. बिल तेवढंच. आर्विड रोज सकाळी नऊला पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाला जाऊन साडेअकराला परतायचा. त्या टेबलावर त्याने भट्टीच्या दुरुस्तीला काय पडायला हवं आणि काय पडतं याची चौकशी केली. एक म्हणाला, दोनशेच्या वर द्यायचे नाहीत. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याने सहाशे दिले. तिसरा म्हणाला, वर्षाकाठी हजाराच्या पुढे गेलं की समज तो माणूस तुझ्या भट्टीवर आपल्या पोरांची शाळा चालवतोय. सगळे हसले. आर्विडही हसला आणि हसता हसता त्याने मनात ड्वेनचं डोकं भट्टीच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा, पत्रा आत दबेपर्यंत.

आणि आज भट्टी पेटेना म्हणून बोलावलेला तोच माणूस सकाळी दहाला दारात उभा राहिला, टोपीवरचा बर्फ झटकला, आणि त्याने विचारलं, "मार्लिस कुठे दिसत नाही?" मार्लिस. मिसेस सालमेला नाही, बाईसाहेब नाही, तुमची बायको नाही. आर्विड म्हणाला, "ऑक्टोबरात गेली." ड्वेनने टोपी काढली. टोपी छातीशी धरून तो खूप वेळ पायपुसण्याकडे बघत राहिला, इतका वेळ की दारातून येणारी हवा आर्विडच्या घोट्यांना चावायला लागली. मग आर्विडने रीतीप्रमाणे कॉफी विचारली. ड्वेन नको म्हणाला. पुन्हा विचारली. आत्ताच घेतली, म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धा कप' म्हणाला आणि पूर्ण कप प्यायला. इथे असंच असतं. दोनदा नाही म्हणायचं ते रीतीचं, तिसऱ्यांदा म्हणायचं ते खरं. मार्लिसची आई तर तीनदा विचारल्याशिवाय मुलीच्याही घरी जेवायला बसली नव्हती. कप खाली ठेवताना ड्वेन म्हणाला होता, "लिंबाच्या वड्या करायच्या त्या. फार छान." आणि आर्विडच्या लक्षात आलं होतं की या माणसाने आपल्या घरात लिंबाच्या वड्या खाल्लेल्या आपण कधी पाहिल्या नाहीत. आपण असताना तर नाहीच.

आता सुई कट्ट्यावर पडली होती. सुईचं टोक घासून पांढरं झालं होतं. आर्विड पेटीजवळ गेला. इतकी वर्षं तो पेटीकडे बघत होता ते समोरून, आकडा बघायला. आज त्याने बाजूने, फटीतून पाहिलं. आतल्या दांडीच्या कडेला, तिच्या मागच्या पट्टीवर, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला ओरखडेच ओरखडे होते. बारीक, एकावर एक, शेकड्यांनी. पेटी त्याने स्वतः लावली होती, जोलीन सोळा वर्षांची असताना. पोरगी आंघोळ करून केस वाळवायला थर्मोस्टॅट सत्तरवर न्यायची आणि विसरायची. तो दुकानातून पेटी घेऊन आला, भिंतीत भोकं पाडली, आणि मार्लिस शेजारी तळहातावर चार स्क्रू घेऊन उभी राहिली. एकेक देत गेली. जोलीन रडत वर गेली आणि पुढे शिकायला गेली ती ॲरिझोनातच राहिली, जिथे नोव्हेंबरात लोक अर्ध्या बाह्यांनी फिरतात. पेटी काढायचं कारण नव्हतं. बासष्ट हा काही छळ नाही. आर्विडच्या बापाच्या घरात बासष्ट म्हणजे चैन होती. एका जानेवारीत, आठ वर्षांचा असताना, आर्विडने बापाला न विचारता तेलाच्या शेगडीची चावी पाव फेरा वाढवली. बापाने त्याचं मनगट धरलं. तो ओरडला नाही, संतापलाही नाही. 'ऊब हवी ना? घे,' असं म्हणून त्याने त्याचा तळवा शेगडीच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवला आणि धरून ठेवला. आई भांडी घासत होती. तिने नळ सोडला, जोरात. आर्विडच्या उजव्या तळहातावर करंगळीच्या खाली कातडी अजून चकचकीत आहे, तिला ऊन-गार कळत नाही. हे त्याने मार्लिसला सांगितलं नव्हतं. ती लग्नानंतर कधीतरी त्या जागेवरून अंगठा फिरवत म्हणाली होती, "गोदीवर भाजलं का?" आणि तो म्हणाला होता, "हो."

खालून ठोकल्याचा आवाज आला. आर्विड जिना उतरला. तळघराच्या भिंतीवर खिळ्यांना हत्यारं टांगलेली होती, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने त्याचा आकार काढलेला. त्याने दोन फुटी पाइपचा पाना उतरवला. का उतरवला हे त्याला सांगता आलं नसतं. हातात वजन बरं वाटलं, एवढंच. त्याच्या मनात आता एक चित्र होतं आणि ते तो पुसत होता आणि ते पुन्हा उमटत होतं: साडेदहाची वेळ, तो पंपावर, आणि वर बैठकीत हा माणूस बुटांवर निळ्या पिशव्या चढवून लिंबाची वडी खातोय आणि मार्लिस हसतेय. तिचे केस तेव्हा गेलेले होते. कॅन्सरच्या औषधाने. ती जोलीनने पाठवलेली लोकरी टोपी घालायची. त्या टोपीत ती हसतेय. चित्रात ते दोघं काही करत नव्हते, तीन माणसं मावतील एवढ्या सोफ्याच्या दोन टोकांना नुसते बसलेले, आणि तेच सहन होत नव्हतं. कारण आर्विडशी ती त्या हिवाळ्यात हसली नव्हती.

"इकडे या," ड्वेन मागे न बघता म्हणाला. "हे तुम्ही स्वतः बघा, नाहीतर उद्या पंपावर सांगाल बर्गस्टाडने फसवलं." त्याने भट्टीचं पुढचं दार काढून ठेवलं होतं आणि आत लवचीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा सोडला होता. हातातल्या छोट्या पडद्यावर करड्या पत्र्याची एक वळणावळणाची बोगद्यासारखी जागा दिसत होती आणि तिच्यात केसाएवढी काळी रेघ. "जाळ असतो ती ही पेटी. तडकली. ही रेघ ना, गरम झाली की उघडते. मग जळका वायू घरातल्या हवेत मिसळतो. तुम्ही झोपलात की उठायचं नाही, असा हिशोब."

"किती?"

"पेटीच बदलायची तर एकोणतीसशे. पण मी तुम्हाला ते सांगणार नाही. तेवीस वर्षांची भट्टी आहे, एकोणतीसशे घालून तुम्ही म्हाताऱ्या घोड्याला नवे दात बसवताय. नवी घ्या. अडुसष्टशे, बसवून. कुणी पाच हजार म्हणेल. त्याचं ऐका, मग पुढच्या वर्षी मला बोलवा." तो अजूनही गुडघ्यांवर होता. मान वाकलेली. कॉलरच्या वर केस संपत होते. "आणि एक. मला आता गॅस बंद करून लाल चिठ्ठी लावावी लागेल. कायदाच आहे तसा. बाहेर उणे अठरा आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत नळ गोठतील. दोन विजेचे हीटर मी गाडीतून देतो. भाडं नको."

"कशाने तडकली? पंचाहत्तरवर चालवल्याने?"

ड्वेनचा हात थांबला. "वयाने तडकली," तो म्हणाला.

"तू माझ्या घरात किती वेळा आलास?"

"तीन वेळा. आज चौथी. पावत्या आहेत तुमच्याकडे, तुम्ही तर लॅमिनेट करून ठेवल्या असतील."

"मी नसताना?"

पंखा बंद होता, भट्टी बंद होती, तळघरात फक्त पाण्याच्या टाकीचा टपटप आवाज होता. ड्वेनने कॅमेऱ्याची नळी हळूहळू बाहेर ओढली आणि गुंडाळायला लागला. "आर्विड," तो म्हणाला, "त्या आता नाहीत. आणि मी त्यांना शब्द दिलाय, सांगणार नाही म्हणून. तेवढं राहू द्या ना."

शब्द दिलाय. आर्विडच्या कानात एक शिट्टी सुरू झाली, गोदीवर वाफ सोडायचे तशी. मार्लिस गेल्यावर त्याच्याजवळ एकच वाक्य उरलं होतं आणि तो ते घेऊन जगत होता. चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या जेवणात, हॅमचे पाव खाणाऱ्या लोकांना त्याने ते सांगितलं. फोनवर जोलीनला सांगितलं. रोज सकाळी दाढी करताना स्वतःला सांगितलं. तिने कधी तक्रार केली नाही. शेवटचं वर्ष ती या घरात माझ्यासारखीच राहिली, बासष्टवर, आणि एकदासुद्धा म्हणाली नाही की थंडी वाजते. ही बाई अशी होती. आम्ही असे होतो. त्या वाक्यात तो आणि ती एका बाजूला होते. आता त्याच वाक्यात तिसरा माणूस उभा होता, हातात निळी सुई घेऊन, आणि तिने त्याला शब्द मागितला होता. आर्विडला पाना उचलल्याचं आठवत नाही. खांद्याला ओळखीचा ताण आठवतो, पहारीचा, गोठलेल्या खनिजावर पहार वरून खाली आणायचा तो. ड्वेन त्याच क्षणी नळी हत्यारांच्या पेटीत ठेवायला उजवीकडे वाकला. पाना डोक्यावर पडायचा तो मानेच्या बाजूला गळ्याच्या हाडावर पडला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ड्वेन भट्टीवर आदळला, पत्र्याच्या कडेने त्याची भुवई फाटली, आणि तो एका कुशीवर खाली गेला. आर्विडने दुसऱ्यांदा पाना उचलला. दुसरा घाव भट्टीवर बसला. तिसराही. पुढचा पत्रा आत गेला, जाळ बघायच्या भिंगाची काच फुटली, चौथ्या घावाला गॅसच्या नळीजवळ ठिणगी उडाली आणि खालून ड्वेन ओरडला, "नळीवर नको! मूर्खा, नळीवर नको, दोघं मरू!"

आर्विड थांबला. धाप लागली होती. त्याला वाटलं होतं की मारल्यावर आतलं रिकामं होईल, तसं काही झालं नाही.

ड्वेन भिंतीला टेकून बसला. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, भुवईतून रक्त डोळ्यात, डोळ्यातून गालावर उतरत होतं. तो दात आवळून शिव्या देत होता, एकेक अगदी सावकाश. मग म्हणाला, "तिला थंडी वाजत होती. कळलं? एवढंच होतं. काय वाटलं तुम्हाला? साठीच्या पुढची, आजारी बाई, आणि मी? अरे माझी आई तिच्या वयाची आहे."

आर्विडने पाना खाली ठेवला नाही. "तिने कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मला तरी कुठे सांगितलं? मी पाहिलं. तुम्ही बाराची वेळ दिली होती, मी आधीचं काम लवकर उरकलं म्हणून अकरालाच आलो. दार उघडंच होतं. बैठकीची खिडकी सताड उघडी. बाहेर उणे वीस, आणि ही बाई खिडकीपाशी टोपी, कोट, दोन जोड मोजे, हातात ते ओव्हनचे जाड हातमोजे घालून उभी. दात वाजत होते. मला वाटलं वेड लागलंय. मी खिडकी लावायला गेलो तर म्हणाल्या, नको, अजून पाच मिनिटं, तो साडेअकराला येतो. त्याला वास येतो म्हणाल्या."

"कसला?"

"उबेचा."

हे खरं होतं. आर्विडला ते आवडायचं, तो पंपावर सांगायचाही: माझ्या घरात पाऊल टाकलं की दोन अंशांचा फरक मला नाकाने कळतो. ड्वेन बोलत होता. त्याचा आवाज दुखण्याने वरखाली होत होता. ते औषध असं होतं म्हणे, की गार वस्तूला हात लागला तर काचा घुसतात. दूध काढायला फ्रीजमध्ये हात घालता येत नव्हता, म्हणून हातमोजे. गार पाणी प्यायलं तर घसा आवळतो. दवाखान्यातून कागद दिला होता, त्यावर लिहिलं होतं, घर उबदार ठेवा. आर्विड तिला दर पंधरा दिवसांनी तिथे घेऊन जात होता आणि गाडीत बसून राहत होता, कारण आत बसायला त्याला जमत नसे. परत येताना ती कागद घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि तो विचारायचा, काय म्हणाले? ती म्हणायची, ठीक आहे म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, नवऱ्याला सांगा," ड्वेन म्हणाला. "म्हणाल्या, दोनदा सांगितलं."

दोनदा. आर्विड भट्टीच्या फुटलेल्या भिंगाकडे बघत होता. पाना आता जड लागत होता. जानेवारीतली सकाळ होती, ती टेबलापाशी बसली होती, ओट्सच्या वाटीभोवती दोन्ही हात. म्हणाली, "आज जरा गारच आहे, नाही?" तो म्हणाला होता, "याहून वाईट पाहिलंय." थोड्या वेळाने, तो बूट चढवत असताना, म्हणाली, "घरातसुद्धा थोडं जाणवतं हं." तो म्हणाला होता, "वारा आहे सरोवरावरून." आणि मग तो दारात थांबला होता. हे त्याला आता आठवलं, की तो थांबला होता. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्याला कळलं होतं. इथे जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं. 'जरा गार' याचा अर्थ काय, तो तिला चव्वेचाळीस वर्षं ओळखत होता. तो तिसऱ्यांदाची वाट बघत होता. तिने तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याने किल्ली लावली असती, लगेच, न बोलता. तो मोजून तेवढा वेळ थांबला. तिने वाटीतून चमचा उचलला. तो गेला. तिने मागितलं नाही, असं त्याने गाडी सुरू करताना स्वतःला सांगितलं, आणि तेव्हापासून तेच सांगत आला.

"मग तू भाग का बदललेस?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"तुम्ही माझ्या डोक्यावर उभे होतात म्हणून. बिघाड सापडल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणालात. मी काय सांगणार होतो? काडी खरंच काळी झाली होती, बाकीचंही वर्ष-दोन वर्षांत गेलंच असतं. त्यांनी दर वेळी माझ्या हातात वीसची नोट कोंबली, मी ती टेबलावर ठेवून आलो, मग त्यांनी वड्या दिल्या." ड्वेन उठायला लागला, कळ आली, पुन्हा बसला. "दांडी सुईने कशी हलवतात ते त्यांनीच मला दाखवलं. मी खिडकीचं सोडा म्हटलं त्यांना. अर्धा तास आधी दांडी खाली करा म्हटलं, आपोआप निवेल. म्हणाल्या, तेवढाच अर्धा तास जास्त मिळतो ना मला."

आर्विडने पाना परत खिळ्याला लावला. पेन्सिलीच्या रेघेत नीट बसेपर्यंत हलवला. मग त्याला दिसलं की तो काय करतोय. त्याने तो काढून फरशीवर टाकला, कोपऱ्यात जाऊन एका रिकाम्या बादलीत ओकला आणि बाहीने तोंड पुसलं. त्याला आपल्या उजव्या हाताची, त्या चकचकीत कातडीसकट, इतकी किळस आली की तो हात भट्टीच्या फाटलेल्या पत्र्याच्या कडेवर घासावा असं वाटलं, आणि त्याने तो घासला, एकदा, जोरात. रक्त आलं. त्या जागी काहीच जाणवलं नाही, म्हणून मग त्याने अंगठ्याच्या बाजूने घासला.

"झालं?" ड्वेन म्हणाला. "आता मला उठवा."

त्याने त्याला उठवलं. ड्वेनने डाव्या हाताने गॅसची तोटी बंद केली, खिशातून लाल चिठ्ठी काढली, दातांनी तिची तार सरळ केली आणि तोटीला अडकवली. "इथे सही लागते तुमची," तो म्हणाला, आणि हसला, आणि हसल्यावर दुखलं म्हणून पुन्हा शिवी दिली. आर्विडने सही केली. कागदावर त्याच्या हाताचं रक्त लागलं. वर जाताना त्यांना जिन्यात दोनदा थांबावं लागलं. बैठकीत थर्मोस्टॅटची दांडी पंचाहत्तरवर होती आणि घर छप्पन्नवर आलं होतं.

दवाखाना उतारावर, बारा मिनिटांच्या अंतरावर. गाडीत ड्वेन म्हणाला, "जिन्यावरून पडलो म्हणून सांगणार आहे. आमच्या धंद्यात सगळे जिन्यावरूनच पडतात. तुम्ही गप्प बसा." रस्त्यावर वाळूसारखा कोरडा बर्फ सरकत होता. सरोवरावरून वाफ उठत होती. आर्विड गाडी चालवत राहिला. मागच्या वर्षी याच रस्त्याने तो तिला नेत होता, ती हातमोजे घालून शेजारी बसायची, आणि गाडी गरम व्हायला वेळ लागतो तोवर नाक लोकरीच्या गळपट्ट्यात घालून श्वास घ्यायची. तो तेव्हा समोर बघत असे. चांगला ड्रायव्हर समोर बघतो.

तातडीच्या विभागात काउंटरवर पन्नाशीची एक बाई होती, चष्मा साखळीला अडकवलेला. तिने ड्वेनची भुवई पाहिली, खांदा पाहिला, खुर्ची पुढे ढकलली. "काय झालं?"

"तळघराचा जिना," ड्वेन म्हणाला. "बुटांवर ह्या पिशव्या घालायला लावतात ना, घराची फरशी खराब होऊ नये म्हणून. पाठीचं हाड वाचलं, नशीब."

बाई लिहायला लागली.

"मी मारलं," आर्विड म्हणाला.

"यांच्याकडे लक्ष देऊ नका," ड्वेन म्हणाला. "यांची बायको वारली हल्लीच."

"पाइपच्या पान्याने मारलं. डोक्यावर मारत होतो. हा वाकला म्हणून वाचला."

बाईने चष्मा काढला. आर्विडच्या रक्ताळलेल्या हाताकडे बघितलं, मग दाराजवळच्या गणवेशातल्या माणसाकडे नजर टाकली, तो भिंतीपासून सुटून इकडे यायला लागला. "महाशय," ती आर्विडला म्हणाली, आवाज न चढवता, लहान मुलाशी बोलावं तसं, "तुम्ही यांना का मारलंत?"

ड्वेनने डोळे मिटून मान हलवली. रांगेतली दोन-तीन माणसं मुकाट ऐकत होती, इथले लोक ऐकतात तशी, दुसरीकडे बघत. खोली फार गरम होती. छतातल्या जाळीतून गरम हवा थेट आर्विडच्या डोक्यावर पडत होती आणि त्याला कोटाच्या आत घाम सुटला होता. उत्तर त्याला माहीत होतं, फक्त ते आतापर्यंत त्याने सगळ्यांना उलटं सांगितलं होतं. जोलीनला. चर्चमधल्या लोकांना.

"माझ्या बायकोला घरात थंडी वाजत होती," तो म्हणाला. "तिने मला सांगितलं होतं. मला कळलं होतं."

बाईची बोटं थांबली. हे कुठल्या रकान्यात घालायचं ते तिला कळेना, आणि ती ड्वेनकडे बघायला लागली.

"लिहा," आर्विड म्हणाला.